भरलेलं जातं, रिकामं येतं

सकाळी 6.00

काल परत आलेल्या बाटल्यांचे क्रेट रात्रभर मोरीजवळ उभे असतात. आमचं काम त्यांच्यापासून सुरू होतं, मालाकडे नंतर वळायचं. पुण्यात कर्वेनगरच्या एका गल्लीत आमचं लहानसं दुकान आहे. दुकान म्हणायचं, पण समोर गिऱ्हाईक उभं राहत नाही. लाकडी घाण्याचं तेल, तूप, गूळ, डाळी, भाजणी, मसाले यांच्या ऑर्डरी वेबसाइटवर नाहीतर व्हॉट्सॲपवर येतात आणि माल घरपोच जातो. तो जातो काचेच्या बाटल्यांतून, स्टीलच्या डब्यांतून आणि कापडी पिशव्यांतून. या प्रत्येक वस्तूवर अनामत आहे, आणि प्रत्येक वस्तू परत यायला हवी.

धुण्याआधी वास घ्यायचा. हे काम मावशींचं. त्यांच्या नाकावर आमचा सगळ्यांचा भरवसा आहे. झाकण काढून त्या प्रत्येक बाटली नाकाशी धरतात. खवट तेलाचा वास चालतो, तो गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने जातो. फिनेल, रॉकेल किंवा ॲसिडचा वास आला की बाटली बाजूला निघते आणि पुन्हा कधीही अन्नासाठी वापरली जात नाही. घरात चांगली बाटली रिकामी झाली की तिच्यात काहीतरी भरून ठेवायची आपल्याकडची सवय जुनी आहे आणि एरवी चांगलीही आहे. म्हणून आम्ही गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवलंय, की बाटलीत दुसरं काही भरलं असेल तर फक्त सांगा, अनामत कापणार नाही. एका बाटलीच्या किमतीपेक्षा ती खरी माहिती आम्हाला कितीतरी मोलाची आहे.

मग गरम पाणी, सोडा, लांब दांड्याचा ब्रश, दोनदा खळबळून धुणं, शेवटी कडकडीत पाणी. कागदी लेबलं मैद्याच्या खळीने चिकटवलेली असतात, ती गरम पाण्यात पाचेक मिनिटांत सुटून येतात. वजन, किंमत, पॅकिंगची तारीख वगैरे मजकूर पाकिटावर छापण्याचं बंधन वजनमापाच्या 2011च्या नियमांत आहे, शिवाय दर खेपेला तारीख बदलते. त्यामुळे लेबल दर वेळी नवंच लागतं. बाजारात मिळणारी प्लास्टिकची स्टिकरं याहून देखणी दिसतात, पण काढल्यावर मागे चिकटपणा राहतो. बोटाला तो चिकटपणा लागला की घेणाऱ्याच्या मनात येतं, ही बाटली कुणाकुणाच्या घरून आली असेल? लोक वापरलेल्या बाटलीला नाक मुरडतात असं सरसकट बोललं जातं. मला तसा अनुभव नाही. लोकांना खटकतो तो वापराचा मागे राहिलेला पुरावा. काच लख्ख असेल, झाकण नवं असेल, लेबल सरळ लावलेलं असेल, तर ती बाटली कितव्यांदा आली हे कुणी विचारत नाही. ओरखड्यांनी काच धुरकट झाली की आम्ही स्वतःच ती बाद करतो, कारण तशी एक बाटली बाकीच्या पन्नास बाटल्यांवरचा विश्वास घालवते.

पावसाळ्यात सगळ्यात मोठी अडचण धुण्याची नसते, वाळवण्याची असते. डब्याच्या कडेला पाण्याचा एक थेंब राहिला तरी भाजणीला बुरशी धरते. म्हणून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सगळे डबे गरम हवेच्या कपाटातून निघतात. विजेचं बिल वाढतं, त्याला इलाज नाही.

सकाळी 8.00

मोजमाप. प्रत्येक बाटलीच्या बुडाशी आणि डब्याच्या तळाशी तिचं रिकामं वजन कोरलेलं आहे. गिऱ्हाइकाला वाटलं तर घरच्या काट्यावर ठेवून आतला माल पडताळता येतो. एक लिटर शेंगदाणा तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, हे आम्ही पावतीवरच छापतो, नाहीतर किलो आणि लिटरच्या घोळात दर आठवड्याला कुणाचा तरी फोन येतो.

सकाळी 9.30

गाडी भरायची. आमची इलेक्ट्रिक तीनचाकी आहे आणि ती चालवणारा दादा पहिल्यापासून आमच्याबरोबर आहे. माल रोज कुठेही जात नाही. कोथरूडचे वार वेगळे, औंध-बाणेरचे वेगळे, सिंहगड रस्त्याचे वेगळे. आज मागवलं आणि आजच मिळालं असं आमच्याकडे होत नाही. त्यामुळे काही गिऱ्हाइकं गेली, हे खरं आहे. पण वार ठरलेले असल्यामुळेच परतीचा प्रवास फुकटात होतो. भरलेली बाटली ज्या खणातून उतरते, त्याच खणात रिकामी चढते. तीच गाडी, तोच रस्ता, तेवढाच वेळ.

दादाच्या हातातल्या यादीत दोन रकाने असतात, ‘द्यायचं’ आणि ‘घ्यायचं’. आदल्या रात्री प्रत्येकाला निरोप जातो: ‘उद्या गाडी येते आहे. तुमच्याकडे आमच्या 2 बाटल्या आणि 1 डबा आहे. दाराशी काढून ठेवा.’ या एका निरोपाने जितक्या बाटल्या परत आणल्या, तितक्या अनामतीनेही आणल्या नाहीत. माणसाला बाटली द्यायची नसते असं नाही. ती ओट्याखाली, मिक्सरच्या मागे कुठेतरी असते आणि दार वाजतं तेव्हा हात पिठात असतात. आदल्या रात्री आठवण झाली की ती बाहेर येऊन बसते.

सकाळी 10.30 ते दुपारी 1.00

आठवड्यातून एकदोनदा मी दादाबरोबर जाते. दारात काय होतं ते दुकानात बसून कळत नाही.

कोथरूडच्या एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांचा डबा कधीच रिकामा येत नाही. कधी मूठभर साखर, कधी दोन बेसनाचे लाडू, एकदा अंगणातल्या कढीपत्त्याच्या डहाळ्या. ‘अगं, रिकामा डबा द्यायचा नसतो,’ एवढंच त्या म्हणतात. शेजारणीचा डबा परत करताना आपल्या आया-आज्या हेच करत आल्या. पुनर्वापराची सवय लोकांना नव्याने लावावी लागेल असं मला वाटत नाही, ती घरात आहेच. फक्त ती ओळखीच्या माणसाशी जोडलेली आहे. डबा कुणाचा आहे आणि तो न्यायला कोण येणार आहे, हे ठाऊक असलं की तो परत जातो. ऑनलाइन खरेदीत आपण नेमकं हेच काढून टाकलं. वस्तू पाठवणारा दिसत नाही, आणणारा दर वेळी वेगळा, आणि दारात उभं राहायला त्याला वेळ नाही.

बाणेरच्या मोठ्या संकुलांत चित्र निराळं. दिवसा घरं बंद. फाटकावरच्या ॲपवरून परवानगी मागायची, घरमालकाने ऑफिसातून ती द्यायची, मग वर जाऊन माल दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावर ठेवायचा. इथे समोरासमोर कुणी भेटत नाही. म्हणून आम्ही सोसायटीच्या कार्यालयाकडून फाटकाजवळ एक क्रेट ठेवायची परवानगी मिळवली. कामाला निघताना गाडीत बसायच्या आधी बाटली क्रेटमध्ये टाकायची, बस्स. जिथे ही परवानगी मिळाली तिथे परत येणाऱ्या बाटल्यांचं प्रमाण लगेच वाढलं. जिथे ‘फाटकाजवळ भंगार नको’ असं उत्तर आलं, तिथे तीच सुशिक्षित, तशीच पर्यावरणाची काळजी असणारी कुटुंबं बाटल्या साठवत बसतात. ‘ग्राहकाची तयारी’ मोजताना या फाटकाची तयारी कुणी मोजत नाही.

या संकुलांच्या लिफ्टमध्ये दहा मिनिटांत किराणा पोचवणारी मुलं भेटतात. एका हातात कागदी पिशवी, दुसऱ्या हातात फोन. परतताना दोन्ही हात मोकळे. मला दर वेळी वाटतं, देशभरात पॅकिंग परत आणायची सगळ्यात सोपी वाट हीच आहे. कुरिअरचं पार्सल पाचशे किलोमीटरवरून येतं, त्याची पेटी परत पाठवायची तर नव्या पार्सलइतका खर्च. पण हा मुलगा एक-दोन किलोमीटरवरच्या कोठारातून आलाय, थोड्या वेळाने त्याच कोठारात परत जाणार आहे, आणि हीच गिऱ्हाइकं आठवड्यातून अनेकदा मागवतात. घडीची कापडी पिशवी, दुधाची बाटली, अंड्यांचा ट्रे, सगळं त्याच्या हातून परत जाऊ शकतं. अडतं ते इथे, की त्याला ऑर्डरमागे पैसे मिळतात आणि दारात थांबायचे मिळत नाहीत. रिकामी पिशवी घेऊन आल्याबद्दल त्याला काही रुपये दिले, तर ही व्यवस्था चालेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं. जो हात वस्तू परत आणतो त्याला मोबदला न देता ग्राहकांना जागरूकतेचे धडे देत राहणं अन्यायाचं आहे.

एकदा खाली कचऱ्याच्या जागी ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई वर्गीकरण करत होत्या. कचरावेचकांची ही सहकारी संस्था पुण्यात घरोघरचा कचरा उचलते. त्यांना पुठ्ठ्याचे पैसे मिळतात, दुधाच्या पिशवीचे मिळतात. चकचकीत थर दिलेल्या पाकिटांना भंगारवाला हात लावत नाही, आणि पार्सलच्या चिकटपट्टीने मढवलेला पुठ्ठा सोलत बसावा लागतो. काचेबद्दल विचारलं तर ताई म्हणाल्या, ‘काच लई जड, पैसे थोडे, आन् फुटली की हात कापतो.’ आमची बाटली परत येणं त्यांच्या हातांसाठीही गरजेचं आहे, हे मी त्या दिवसापासून गिऱ्हाइकांना सांगते.

दुपारी 1.30

जेवण. मावशींनी मुंबईत गिरगावात लहानपण काढलंय. आरेच्या दूधकेंद्रावर रांगेत उभं राहून रिकामी काचेची बाटली द्यायची, भरलेली घ्यायची, आणि झाकणाच्या रंगीत वर्खावरून दूध कोणतं ते ओळखायचं, हे त्या अजून सांगतात. रिकामी बाटली नेली नाही तर काम अडायचं, म्हणून कुणी विसरत नसे. 1890च्या सुमारास सुरू झालेली मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्थाही याच पायावर उभी आहे. सकाळी भरलेला डबा नेणारा माणूस दुपारी रिकामा डबा परत नेतो. परत नेणं हे त्याच्या कामाचंच अर्धं अंग आहे.

दुपारी 3.00

गाडी परत आली की मोजणी. प्रत्येक बाटलीवरचा क्रमांक नोंदवहीत चढतो आणि ज्याची त्याची अनामत मोकळी होते. अनामतीचे पैसे वेगळ्या खात्यात आहेत. ते आमचे नाहीत, गिऱ्हाइकांचे आमच्याकडे ठेवायला दिलेले आहेत. पगाराला पैसे कमी पडले तरी त्या खात्याला हात लागत नाही. मागेल त्या दिवशी अनामत मिळाली नाही, तर पुढची बाटली कशाला येईल?

परतीचं गणित मी नव्या माणसाला फळ्यावर लिहून शिकवते. शंभरातल्या 80 बाटल्या परत येत असतील तर एक बाटली सरासरी 5 फेऱ्या करते. 90 आल्या तर 10 फेऱ्या. 95 आल्या तर 20. ऐंशीवरून नव्वदवर जाणं कागदावर फक्त दहाची वाढ दिसते, पण बाटलीचं आयुष्य दुप्पट होतं, आणि पुढच्या पाचाने पुन्हा दुप्पट. काच जड असते, ती घडवायला प्रचंड उष्णता लागते. दोन फेऱ्यांत हरवणारी काचेची बाटली पातळ प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा जास्त नुकसान करते, हे मान्य करूनच या धंद्यात उतरायला हवं. ‘पुन्हा वापरता येण्यासारखं’ एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. ते खरोखर पुन्हा वापरलं गेलं पाहिजे.

म्हणून इतरांनी काय केलं ते मी बघत असते. 2019 साली न्यूयॉर्क आणि पॅरिसच्या परिसरात ‘लूप’ नावाची सेवा सुरू झाली. मोठ्या कंपन्यांचं आइस्क्रीम, शाम्पू, साबण स्टीलच्या किंवा काचेच्या देखण्या डब्यांतून, जाड पिशवीत घालून घरी यायचं, आणि रिकामे डबे त्याच पिशवीतून परत न्यायला माणूस यायचा. प्रत्येक डब्यावर वेगळी अनामत. कौतुक खूप झालं. पण पुढे त्यांनी घरपोच मार्गाऐवजी दुकानांचा मार्ग धरला. जिथे माणूस तसाही जातो तिथेच घ्यायचं आणि तिथेच परत टाकायचं. फिनलंडच्या ‘रिपॅक’ने कपड्यांसाठी घडी होणारं पाकीट काढलं, ते जवळच्या टपालपेटीत टाकलं की परत जातं. तिथे टपालपेटी कोपऱ्यावर आहे आणि पाकीट तिच्या फटीत मावतं, यात अर्धं यश आहे. जर्मनीत 1 जानेवारी 2023पासून बांधून जेवण देणाऱ्या मोठ्या खानावळींना परतीच्या डब्याचा पर्याय द्यावाच लागतो, तरीही बहुतेक गिऱ्हाइकं एकदाच वापरायचा डबा घेतात. पर्याय समोर ठेवणं पुरेसं होत नाही.

आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण तामिळनाडूत आहे. उच्च न्यायालयाच्या आग्रहामुळे 2022 साली निलगिरी जिल्ह्यात सरकारी दुकानांतल्या दारूच्या बाटलीवर 10 रुपये जादा घ्यायला सुरुवात झाली, रिकामी बाटली दिली की ते परत. डोंगरउतारावर आणि जंगलात पडणाऱ्या काचांनी हत्तींचे पाय कापायचे, तिथे बहुतेक बाटल्या दुकानात परत येऊ लागल्या. तिथल्या लोकांचं मन रातोरात बदललं असं कुणी म्हणणार नाही. परत द्यायची जागा ठरलेली होती आणि पैसे हातात रोख मिळत होते, एवढ्याने काम झालं. आपल्या राज्यात मार्च 2018च्या प्लास्टिकबंदीच्या वेळी दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे 50 पैसे परत द्यायचं ठरलं होतं. ते पैसे कुठे, कुणाकडून घ्यायचे, हे घराघरांत पोचलं नाही. आणि 1 जुलै 2022पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली, त्यांत कुरिअरची प्लास्टिक पाकिटं नाहीत.

संध्याकाळी 5.00

फोनची वेळ. ज्यांच्याकडे जुन्या बाटल्या अडकल्या आहेत त्यांना मी स्वतः फोन करते. वसुलीचा सूर अजिबात लावायचा नाही, हा नियम आहे.

‘काकू, तुमच्याकडे तुपाची बरणी आहे ना आमची?’

‘आहे गं, पण ती इतकी छान आहे की मी लोणचं घातलंय तिच्यात.’

असं झालं की मी अनामत किमतीत वळती करून घेते आणि बरणी त्यांचीच करून टाकते. ती कचऱ्यात गेलेली नाही, काकूंच्या फडताळात पुढची दहा वर्षं काम करेल. वाईट वाटावं असं त्यात काही नाही. पण त्यावरून एक धडा मात्र घेतला: बरणी फार देखणी केली की परत येत नाही. आता आमच्या बरण्या साध्या, सरळसोट आहेत.

दुसरं कारण नेहमीचं, ‘घासून ठेवायची राहिली.’ लोकांना वाटतं, उष्टी बाटली कशी द्यायची? तेव्हा आता पावतीवर ठळक छापलंय, की फक्त विसळा, घासणं आमच्याकडे. संकोचामुळे किती बाटल्या ओट्यावर अडकून पडतात हे फोन केल्याशिवाय कळलंच नसतं. तिसरं कारण पैशाचं. तरुण मंडळींना अनामत पुढच्या बिलात वळती झालेली चालते. ज्येष्ठांना नोटा हातात हव्या असतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. दादाच्या कमरेच्या पाकिटात त्यासाठी सुटे पैसे ठेवलेले असतात. अनामत किती असावी यावर मात्र आमचा शोध चालूच आहे. फार कमी ठेवली तर लोक ती सोडून देतात, फार वाढवली तर पहिलीच ऑर्डर पैसे भरायच्या पायरीवर अर्धवट राहते. नव्या गिऱ्हाइकाला म्हणून आम्ही आधी कमी मालाची, एकाच बाटलीची ऑर्डर सुचवतो. एकदा देणंघेणं झालं, पैसे परत मिळालेले दिसले, की पुढे कुणाला समजवावं लागत नाही.

रात्री 8.00

उद्याच्या निरोपांची यादी लावायची. त्यानंतर वेबसाइटवरचे नवे प्रश्न. आज नागपूरहून एका ताईंनी विचारलंय, ‘तुमच्या काचेच्या बाटल्या इकडे पाठवाल का? परतीचं कुरिअर मी करेन.’ इच्छा मनापासूनची आहे. पण 700 किलोमीटर काच भरून पाठवायची, फुटू नये म्हणून तिच्याभोवती दुप्पट पुठ्ठा गुंडाळायचा, आणि रिकामी बाटली तेवढाच प्रवास करून परत आणायची, यात वाचतं कमी आणि जळतं जास्त. ऑर्डर घेतली असती तर या महिन्याला बरं झालं असतं. मी त्यांना लिहिलं: ‘ताई, बाहेरगावी आम्ही फक्त कोरडा माल पाठवतो, जुन्याच खोक्यांतून आणि कागदात. तेलासाठी तुमच्याच भागातला लाकडी घाणा शोधा. जाताना घरची धुतलेली, कोरडी बाटली घेऊन जा, आणि त्यांना भरण्याआधी काट्यावर बाटलीचं वजन वजा करायला सांगा. तुमच्या सोसायटीतली चार-पाच घरं एकत्र आली तर घाणेवाला घरपोचही देईल, रिकाम्या बाटल्या त्याच फेरीला घेऊन जाईल. त्याच्याशी कसं बोलायचं, अनामत कशी ठरवायची, हे विचारायचं असेल तर दुपारी तीननंतर फोन करा.’